पानाची खालची बाजू फिकी का असते? (आणि छेदातले काळे डाग)

काचपट्टी

प्रश्न साधा वाटला म्हणून उत्तर देऊन मोकळी झाले, आणि तिथेच फसले.

भाची नववीत आहे. तिच्या पुस्तकात पानाच्या छेदाची आकृती आहे, आपण सगळ्यांनी शाळेत काढलेली तीच. वर अपित्वचेची, म्हणजे पानाच्या बाहेरच्या सालीची, सरळ ओळ, तिच्याखाली उभ्या विटा रचाव्यात तशा पॅलिसेड पेशी, मग वेड्यावाकड्या स्पंजी पेशी, मधे शिरेचा गोल, आणि तळाशी पुन्हा अपित्वचा. तिला दोन ओठांसारख्या रक्षक पेशी आणि त्यांच्यामधे पर्णरंध्र. तिनं विचारलं, "मावशी, पान वरून गर्द आणि खालून फिकं का?" मी म्हटलं, "वर हरितलवकं जास्त, खाली कमी."

ती म्हणाली, "पण पान तर कागदाएवढं पातळ आहे. कागदाच्या एका बाजूला हिरवा रंग फासला तर तो मागून पण दिसतोच की. वरचं हिरवं खालून का दिसत नाही?"

आता बोला.

मग आम्ही घरात पडून असलेला शाळकरी सूक्ष्मदर्शक काढला. थर्मोकोलच्या तुकड्याला चीर पाडून जास्वंदीचं पान त्यात अडकवलं आणि नवं ब्लेड घेऊन चकत्या पाडत बसलो. वीसेक चकत्यांतल्या दोन कामाच्या निघाल्या. त्याही पाचरीसारख्या, एका कडेला जाड आणि दुसऱ्या कडेला पातळ. दिसलं ते त्या पातळ कडेलाच. पॅलिसेड झकास दिसल्या. पण त्यांच्याखाली, जिथे स्पंजी पेशी दिसायला हव्यात, तिथे नुसते काळे डाग. काळी कडा, मधे चमकदार ठिपका, पुन्हा काळी कडा. पाणी बदललं, काचपट्टी पुसली, वरची पातळ काच तिरकी धरून हळू ठेवली. डाग जागचे हलेनात.

तर प्रश्न दोन. खालची बाजू फिकी का? आणि हे काळे डाग न येता छेद घ्यायचा कसा?

बोरूबहाद्दर

वाचतोय. आकृती काढताना स्पंजी पेशींच्या जागी मी कायम ढग काढायचो, त्याची आठवण झाली. मार्क मिळायचे.

सावकाश

काचपट्टी, तुमचे प्रश्न दोन नाहीत, एकच आहे. ते काळे डाग ही तुमची चूक नव्हे, तेच तुमचं उत्तर आहे. ती हवा आहे. पट्टीवर पाणी टाकताना शिरलेली नव्हे, पानाच्या आत आधीपासून असलेली.

पुस्तकातली आकृती इथे दगा देते. पेशी रेषांनी काढतात आणि मधली जागा कोरी सोडतात. कोऱ्या जागेला कुणी नाव देत नाही, बाण काढलाच तर 'आंतरपेशीय पोकळी' असं लिहून पुढे जातात. त्यामुळे डोक्यात बसतं की पान म्हणजे पेशींचा थर आणि मधे थोड्या फटी. प्रत्यक्षात बऱ्याच पानांत पाचव्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत नुसती हवा असते आणि तिचा मोठा वाटा खालच्या अर्ध्यात. स्पंजी पेशींना हात-पाय फुटलेले असतात. त्या एकमेकींना बोटांच्या टोकांनी धरून उभ्या असतात आणि मधल्या सगळ्या बोळांतून हवा. 'स्पंजी' या शब्दानं आपल्याला पाण्यानं भिजलेला स्पंज आठवतो. हा कोरडा स्पंज आहे. म्हणजे पेशींच्या भिंती ओलसर, पण भोकं हवेची.

आता रंगाचं. प्रकाश पेशीतून हवेत आणि हवेतून पुन्हा पेशीत शिरतो तेव्हा दर वेळी वाकतो, काही परत फिरतो. अशा शेकडो सीमा एकापाठोपाठ आल्या की तो सगळीकडे विखुरतो. काच पारदर्शक, पण काचेचा चुरा पांढरा, तसंच. खालून पडणारा प्रकाश आधी या हवेच्या जाळीत सापडतो. त्यातला बराचसा हरितद्रव्यानं पुरता शोषण्याआधीच तुमच्या डोळ्याकडे परत येतो. म्हणून खालचं हिरवं दुधात कालवल्यासारखं दिसतं. वरून मात्र अपित्वचेला लागूनच हरितलवकांनी भरलेल्या पॅलिसेड पेशी असतात. प्रकाश सरळ त्यांच्यात घुसतो आणि शोषला जातो.

तुमचं 'खाली हरितलवकं कमी' चूक नाही, पण अर्धंच आहे. भाचीच्या कागदाच्या दाखल्याला खरं उत्तर हवा हेच.

तिरकस

दोन शंका.

एक, अनेक पानांना खालून बारीक लव असते, मेणचट थर असतो. फिकेपणा त्याचा नाही कशावरून?

दोन, सूक्ष्मदर्शकात हवा काळी दिसते म्हणता आणि तीच हवा पान पांढुरकं करते म्हणता. एकच वस्तू काळीही आणि पांढरीही? हे म्हणजे सोयीप्रमाणे झालं.

सावकाश

पहिली शंका रास्त आहे. दाट लव असलेली पानं खालून चक्क रुपेरी दिसतात आणि तिथे लवेचा वाटा मोठाच असतो. पण बोट फिरवून बघा, गुळगुळीत पानंही खालून फिकीच असतात.

दुसरी जास्त आवडली. पावसाळी ढग खालून काळा दिसतो, विमानातून तोच पांढराशुभ्र. ढग बदलत नाही, दिव्याची आणि डोळ्याची जागा बदलते. सूक्ष्मदर्शकात दिवा पानाखाली आणि डोळा वर. वाटेतली हवा प्रकाश भलतीकडे उडवते, तो भिंगापर्यंत पोचत नाही, म्हणून काळं. पान हातात धरून बघता तेव्हा दिवा आणि डोळा एकाच बाजूला, उडालेला प्रकाश डोळ्यातच येतो, म्हणून पांढरट.

वाद घालण्यापेक्षा करून बघण्यासारखं आहे. सुई नसलेली मोठी सिरिंज घ्या. कागदाला भोकं पाडायच्या पंचनं पानाच्या टिकल्या पाडा, जाड शीर टाळून. सात-आठ टिकल्या सिरिंजमधे टाका, पाणी ओढा, पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एखादा थेंब. आतली मोकळी हवा बाहेर ढकला. मग तोंड बोटानं घट्ट दाबून दट्ट्या मागे खेचा, दहा सेकंद धरा, सोडा. तीन-चार वेळा करा. काय होतं ते इथे येऊन सांगा. मी आधी सांगणार नाही.

पाठमोरा

अवांतर: पेशींच्या गटाला म्हणायचं काय, ऊतक की ऊती? आमच्या वेळी मूल ऊती, स्थूलकोन ऊती, दृढ ऊती असं पाठ केलं होतं. घरात एक जुनं पुस्तक आहे, त्यात मृदूतक, दृढोतक असं काहीबाही आहे. जलवाहिन्यांना 'प्रकाष्ठ' आणि रसवाहिन्यांना 'परिकाष्ठ'. वाचून धडकीच भरली.

रानवारा

शाळेत ऊती, जुन्या ग्रंथांत ऊतक. माल एकच. मला 'प्रकाष्ठ' आवडतो, कारण लाकूड म्हणजे तेच हे त्या नावातच आहे. त्याचं इंग्रजी नाव झायलम, तेही लाकडासाठीच्या ग्रीक शब्दावरूनच आलं. नेगेली नावाच्या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञानं १८५८ साली झायलम आणि फ्लोएम (म्हणजे परिकाष्ठ) ही जोडी रूढ केली.

धाग्याच्या विषयाशी जोडून: एका पानात या ऊतींचं संमेलनच भरलेलं असतं. पॅलिसेड आणि स्पंजी या दोन्ही मूल ऊतीच, हरितलवकं असलेल्या. पानाच्या देठात आणि मधल्या शिरेत कोपरे जाड झालेली स्थूलकोन ऊती असते, म्हणून देठ वाकतो पण मोडत नाही. शिरेभोवती काही पानांत दृढ ऊतीची टोपी असते, लिग्निन या लाकडाला कडक करणाऱ्या द्रव्यानं भरलेल्या मेलेल्या पेशींची. नाही ती फक्त विभाजी ऊती, म्हणजे विभागून नव्या पेशी देत राहणारी. रुंद पान एकदा पुरतं वाढलं की वाढणं संपलं. गवताचं तसं नाही. त्याच्या पात्याच्या बुडाशी विभाजी ऊती असते, म्हणून वरून कितीही कापा, पातं खालून वर सरकत राहतं.

बोरूबहाद्दर

लहानपणापासूनचा प्रश्न विचारून घेतो. शिरेत जलवाहिन्या वर आणि रसवाहिन्या खाली असं का? उलट काढलं म्हणून माझा एक मार्क गेला होता. ढगांना मिळाला, शिरेला नाही.

रानवारा

उजवा हात कोपरातून वाकवून समोर उभा धरा, तळवा तुमच्याकडे. तुम्ही म्हणजे खोडाचा मध्य. खोडात जलवाहिन्या आतल्या बाजूला असतात, म्हणजे तळव्याकडे, आणि रसवाहिन्या बाहेर, म्हणजे हाताच्या पाठीकडे. आता पान फुटायचं म्हणजे ही दोरी खोडातून बाहेर वळणार. मनगटातून हात बाहेरच्या बाजूला आडवा करा. तळवा कुठे आला? वर. झालं. कुणी मुद्दाम मांडणी केलेली नाही, वळण घेतल्यावर आतली बाजू वर येते, इतकंच.

आणखी एक गंमत. पाणी नेणाऱ्या वाहिन्या कामाला लागतात त्या मेल्यावर. आतलं सगळं रिकामं होतं, आडव्या भिंती जातात, उरते पोकळ नळी. साखर नेणाऱ्या चाळणी-नलिका जिवंत असतात, पण केंद्रक गमावून बसलेल्या. त्यांचा संसार शेजारची सहपेशी चालवते. मेलेली नळी वर, परावलंबी नळी खाली आणि त्यांच्यावर सगळं पान जगतं.

तिरकस

+१. मनगटाचं बेस्ट. ऑफिसात करून बघितलं, लोक बघत होते.

काचपट्टी

केलं! दोनदा केलं, कारण पहिल्यांदा माझा विश्वास बसला नाही.

दट्ट्या खेचला की टिकल्यांच्या कडांमधून बुडबुड्यांची मोत्यासारखी माळ सुटते. सोडला की टिकलीवर एक गडद डाग उमटतो आणि पसरतो, टीपकागदावर पाणी पसरावं तसा. तिसऱ्या खेचीला सगळ्या टिकल्या तळाशी. बाहेर काढून पांढऱ्या बशीत ठेवल्या तर वरची बाजू कुठली आणि खालची कुठली हे ओळखता येईना! दोन्ही सारख्याच, काळपट हिरव्या, तेल सांडलेल्या कागदासारख्या. दिव्यासमोर धरल्या तर आरपार, बारीक शिरांची जाळी लख्ख. शेजारी न बुडवलेली टिकली ठेवली होती, ती खालून तशीच फिकी.

भाची म्हणाली, "म्हणजे फिका रंग नव्हताच. नुसती हवा होती." मी गप्प बसले. हे माझ्या उत्तरापेक्षा बरं होतं.

आणि हो, त्या बुडालेल्या टिकलीचा छेद घेतला. काळे डाग गायब. स्पंजी पेशी दिसल्या, एकमेकींना टेकलेल्या, मधे मोठाल्या जागा.

सावकाश

टिकलीत हरितद्रव्य होतं तेवढंच राहिलं, एक दाणाही वाढला नाही. हवेच्या जागी पाणी आलं, एवढाच बदल. पाणी आणि पेशी प्रकाशाला जवळपास सारख्याच, त्यामुळे विखुरणं थांबलं. तिरकसराव, लव आणि मेण दोन्ही जागच्या जागी होती, नोंद घ्यावी.

जिवाणूंमुळे होणाऱ्या काही रोगांत पानावर आधी 'पाणी मुरल्यासारखे' ठिपके येतात, तेही हेच. हवेच्या बोळांत द्रव शिरलेला असतो.

तिरकस

नोंद घेतली. पण मग झाडाला एवढी हवा आत कोंडून ठेवायची गरज काय? त्या जागेत आणखी पेशी भरल्या असत्या तर जास्त अन्न तयार झालं असतं की.

सावकाश

नसतं झालं, उपाशी मेल्या असत्या. कार्बन डायऑक्साइड पाण्यातून पसरतो तो हवेतल्यापेक्षा सुमारे १०,००० पट हळू. पेशींचा ठोकळा भरला असता तर आतल्या पेशींपर्यंत तो पोचलाच नसता. म्हणून झाड त्याला पर्णरंध्रातून आत घेतं, हवेच्या बोळांतून थेट प्रत्येक पेशीच्या दारात नेऊन सोडतं आणि पाण्यातला प्रवास फक्त शेवटच्या भिंतीपुरता ठेवतं. आतल्या बोळांना लागून असलेल्या ओलसर भिंतींचं क्षेत्रफळ मोजलं तर ते पानाच्या बाहेरच्या पृष्ठभागाच्या कितीतरी पट भरतं, अनेक झाडांत १० ते ३० पटींच्या घरात. ०.२ ते ०.३ मिमी जाडीच्या वस्तूत!

किंमतही मोजावी लागते. ओल्या भिंती हवेला उघड्या म्हणजे वाफ होणारच, आणि रंध्र उघडलं की ती बाहेर. मुळांनी शोषलेल्या पाण्यापैकी ९५ टक्क्यांहून अधिक असंच उडून जातं. रक्षक पेशींची सगळी उठाबस याच हिशोबासाठी. पोटॅशियम आत घेतलं, मागोमाग पाणी आलं, पेशी फुगून धनुष्यासारख्या वाकल्या, दार उघडलं. पाणी टंचाईत उलट.

विखुरण्याचा फायदाही आहे. पॅलिसेडमधून निसटलेला प्रकाश खाली हवेच्या जाळीत इकडेतिकडे आपटत राहतो आणि त्याला शोषलं जायची दुसरी, तिसरी संधी मिळते.

आकृतीची आणखी एक लबाडी सांगून टाकतो. पॅलिसेड पेशी आकृतीत भिंतीसारख्या चिकटलेल्या दिसतात. पानाला समांतर छेद घ्या, म्हणजे खांब वरून बघितल्यासारखे, तर त्या गोल गोल दिसतात आणि गोलांच्या मधे फटी. त्यांनाही श्वास घ्यायला जागा ठेवलेली असते.

निशाचर_

र्‍हिओ या शोभेच्या झाडाचं पान खालून जांभळं असतं, त्याचं काय? तिथे ही हवा कुठे गेली?

रानवारा

हवा आहेच, पण तिच्या पुढे रंगीत काच लावलीय. जांभळा रंग खालच्या अपित्वचेच्या पेशींच्या रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या पाण्याच्या पिशवीत, विरघळलेला असतो. पान मोडून खालची साल नखानं हळूच ओढा, पारदर्शक जांभळा पापुद्रा निघेल आणि त्याच्याखाली फिकं हिरवंच असेल. पापुद्रा पाण्यात ठेवून बघा: जांभळ्या फरशीत मधे मधे हिरव्या रक्षक पेशींच्या जोड्या. अपित्वचेत ठळक हरितलवकं दिसतात ती याच पेशींत.

आता पट्टीच्या एका कडेला मिठाच्या घट्ट पाण्याचा थेंब सोडा आणि दुसऱ्या कडेनं टीपकागद लावून ओढून घ्या. डोळा काढू नका. आधी काही होत नाही. मग एका पेशीच्या कोपऱ्यात जांभळा रंग भिंत सोडतो, बारीकशी पांढरी चंद्रकोर दिसते. बघता बघता सगळ्या पेशींत रंगाचा गोळा आकसून मधे येतो आणि रिकामी चौकट उरते. पेशीभित्तिका आणि पेशीपटल वेगळं हे शंभरदा वाचून जेवढं कळत नाही तेवढं त्या एका मिनिटात कळतं. मग साधं पाणी सोडा, फार उशीर केला नसेल तर गोळा परत फुगतो.

पाठमोरा

वाखुसा (वाचनखूण साठवली).

हवेवरून आठवलं. रॉबर्ट हूकनं १६६५ साली बुचाचा काप बघून 'सेल' हा शब्द वापरला, तेव्हा त्यानं जे बघितलं तेही रिकाम्या खोल्याच होत्या. मेलेल्या पेशी, आत हवा. बूच हलकं का आणि तरंगतं का याचा उलगडा त्यानं त्यावरूनच केला. म्हणजे पेशीचा इतिहास सुरू झाला तोच हवेपासून.

तिरकस

आता मीच परीक्षा घेतो. तुमचं म्हणणं खरं असेल तर ज्या पानात वर पॅलिसेड आणि खाली स्पंजी असा भेदच नाही, ते दोन्ही बाजूंनी सारखं दिसायला हवं. आहे असं पान?

रानवारा

मका. वर-खाली भेद जवळपास नाही, रंध्रंही दोन्हीकडे. पान उलटून बघा, रंगात फारसा फरक नाही. लोंबत्या पानांचा निलगिरीही तसाच. पान उभं लटकतं, प्रकाश दोन्हीकडून, तर पॅलिसेड दोन्हीकडे.

मक्याच्या छेदात एक जास्तीची गोष्ट दिसते. प्रत्येक शिरेभोवती मोठ्या हिरव्या पेशींचं कडं आणि त्याला बिलगून दुसरं कडं. जर्मन शब्द 'क्रान्झ', म्हणजे गोल हार, त्यावरून त्या रचनेला नाव पडलं. या दोन कड्यांत काम वाटून घेतलेलं असतं, बाहेरचं कार्बन पकडतं आणि आतलं त्याची साखर करतं. त्यावर वेगळा धागा काढावा लागेल.

तिरकस

काढा. तोपर्यंत माझा आक्षेप मागे.

काचपट्टी

शेवटची खबर. बुडालेल्या टिकल्या फेकून देणार होते, भाचीनं देऊ दिल्या नाहीत. तिनं त्या ग्लासातल्या पाण्यात टाकल्या, चिमूटभर खाण्याचा सोडा घातला (तिच्या बाईंनी सांगितलं होतं, त्यातून पानाला कार्बन डायऑक्साइड मिळतो म्हणे) आणि ग्लास टेबलावरच्या दिव्याखाली ठेवला. मी जेवायला हाका मारतेय, ती हलेना.

अर्ध्या तासानं ओरडली. एक टिकली एका कडेनं उचलली गेली होती, तशीच तिरकी उभी राहिली थोडा वेळ, मग सुटून सरळ वर. मागोमाग दुसरी. आम्ही हवा काढून घेतली होती ना, टिकलीनं बसल्या बसल्या नवी तयार केली.

आठातल्या सात वर आल्या. आठवी रात्रभर खालीच होती. ती का, हे विचारू नका, मला तेच विचारलं गेलंय.